लाकडाचं चर्च

"दगड परवडला नाही, म्हणून लाकूड!" डेलाफिल्डच्या एपिस्कोपल (अमेरिकेतला अँग्लिकन पंथ) चर्चचा फोटो बघून आज एकजण सहज बोलून गेला. ते काही डोक्यातून जाईना.

गाव विस्कॉन्सिनमधलं, छोटंसं. चर्च १८५०च्या दशकातलं. पैशाची चणचण होतीच, नाही कोण म्हणतं? पण भिंत नीट बघा की.

फळ्या उभ्या. या पद्धतीत दोन फळ्यांमध्ये मुद्दाम बारीक फट सोडतात आणि तिच्यावर अरुंद पट्टी ठोकतात. पट्टीचा खिळा फटीतून थेट मागच्या आडव्या लाकडात जातो, फळीत नाही. फळी दमट हवेत फुगते, कोरड्या हवेत आकसते. दोन्ही कडांना जखडली की तडकलीच. मग पाणी आत, आणि कूज.

न्यूयॉर्कचं दगडी ट्रिनिटी चर्च (१८४६) ज्यानं उभं केलं, त्याच रिचर्ड अपजॉननं १८५२ मध्ये लाकडी चर्चचे नकाशे आणि तपशील पुस्तकात छापले. आर्किटेक्ट बोलवायची ऐपत नसलेल्या गावांसाठी. सुतारानं पुस्तक उघडायचं, कामाला लागायचं. छपराचा तीव्र उतार, निमुळत्या खिडक्या, मध्ययुगीन युरोपातल्या चर्चांचा गॉथिक थाट शाबूत!

अमेरिकेतल्या मंडळींनो, तुमच्या आसपास आहे का असं उभ्या फळ्यांचं चर्च? खिळे कुठे मारलेत, बघून सांगाल?