कागदावरचा धावदोरा

पहिला कागद फाटला तो टपालाच्या तिकिटासारखा, टाक्यांच्या ओळीवर सरळ. कागदावर दोऱ्याने रेघांचं चित्र करायचं होतं, म्हणून ब्लाउजला मारते तीच बारीक टीप मी मशीनवर कागदाला मारली होती. कापडात सुई धाग्यांमधून वाट काढते, भोक मिटून जातं. कागदाला पडलं की पडलं.

मशीन झाकलं आणि हातशिलाईवर आले. कागद जाड, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम), सुती लगद्याचा. पेन्सिलने ४ मिलिमीटरवर खुणा करायच्या, खाली थर्माकोल ठेवून आधी नुसती भोकं पाडायची, मग दोरा. हे सगळं बडोद्याच्या दांडिया बाजारात आत्याकडे चालायचं, कारण तिच्या खिडकीत उजेड चांगला. ती गोधड्या शिवलेली बाई. दोनदा कागद चिरलेला बघून म्हणाली, "अगं, ओढतेस कशाला? दोरा नुसता ने. आणि हातभरच घे, फार लांब घेतलास की गुंततो."

गाठीही सोडाव्या लागल्या. मागे गाठ मारली की पुढे फोड आल्यासारखं दिसतं. आता शेपूट ठेवते आणि पातळ कागदाच्या पट्टीने, खळ लावून मागे चिकटवते.

खरा घोळ शाईने घातला. शिवून झाल्यावर पेनने रेघ ओढली की भोकापाशी शाई फुटायची, मोहरीएवढा डाग. तिथली शाई अडवणारी कागदाची कांजी तुटलेली असते, शाई पिणारच. चार कागद वाया घालवून क्रम बसला: शाई आधी, मग सुई, पेन्सिल सगळ्यांत शेवटी.

बडोद्यात बसून रेघा ओढायच्या म्हणजे नुसत्या रेघांची अमूर्त चित्रं काढणाऱ्या चित्रकार नसरीन मोहम्मदी आठवणारच. १९७२ पासून त्या इथल्या फाइन आर्ट्समध्ये शिकवत होत्या. त्यांच्या रेघांसारखं काही करायला गेले की माझं काम उसनं वाटायचं. धावदोऱ्याने सोडवलं. धावदोरा म्हणजे अर्धी लपलेली रेघ. दोरा जिथे खाली गेला, त्या ४ मिलिमीटरांत मी पेन्सिल ओढली. लांबून एकच रेघ दिसते. जवळ गेलं की दोऱ्याला सावली आहे, शिशाला नाही. संध्याकाळी खिडकीतून तिरपं ऊन आलं की टाके जाड होतात, मधले तुकडे तसेच राहतात. अशा एकेचाळीस रेघा, कुठे दाट, कुठे विरळ. चित्र म्हणून दुसरं काही नाही.

पहिल्या फ्रेममध्ये काच थेट दोऱ्यावर दाबून बसवली गेली. सावलीच गेली! फ्रेम उघडून घरी आणली. आत्याने कागद उलटा धरला. मागे पेन्सिल नाही, नुसते तुटक टाके, पट्ट्यांखाली दबलेली शेपटं.

"ही बाजू का नाही लावत?" तिने विचारलं.

फ्रेमवाल्याला परत गाठलं. दोन्हीकडून काच, आणि काचेत आणि कागदात अर्ध्या सेंटीमीटरची फट.