चतुराचा हिरवा रंग

सकाळी तुळशीच्या कुंडीपाशी मेलेला चतुर सापडला. छाती हिरवीगार. लेक लगेच रंगपेटी घेऊन आली, पण शाळेची बस दारात होती. म्हटलं, संध्याकाळी काढू. संध्याकाळी बघतो तर हिरवा पार मळकट तपकिरी झालेला. पंख मात्र तसेच लखलखीत. फार हळहळ वाटली.

सोळाव्या शतकात अँटवर्पच्या योरिस हूफनागेल या चित्रकाराने चतुराचं धड रंगवलं आणि पंख मात्र खरेच पानावर चिकटवले! आज त्याचं कारण हातात धरून बघितलं.

आणि मारिया सिबिला मेरियन, किड्यांची चित्रं काढणारी चित्रकार. 1699 मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी धाकट्या लेकीला घेऊन ती अ‍ॅमस्टरडॅमहून जहाजाने दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली. सुरवंट स्वतः पाळायची, जिवंत असतानाच रंगवायची. एका निळ्या फुलपाखराचा पंख भिंगातून पाहून तिने लिहिलंय, जणू ओळीत शाकारलेली निळी कौलं! कौलं म्हटल्यावर मला आजोळचं छप्परच दिसलं.

लेकीने आठवून आठवून हिरवा कालवलाय. धड रंगवून झालं, पंखांची जागा कोरी ठेवलीय. खरे पंख वहीत जपून ठेवलेत.