जालियनवाला बागेची ती बोळ

नांदेडहून सचखंड एक्सप्रेसनं दीड दिवस. वाटेत लंगर मिळालं, अमृतसरला कुलचे खाल्ले, अटारीची परेड पाहिली. या सगळ्याबद्दल पुन्हा कधीतरी. आज फक्त जालियनवाला बागेच्या बोळीबद्दल लिहायचंय.

2012 साली बाबांबरोबर आलो होतो, तेव्हा ती साध्या विटांची होती. बाबा मधोमध थांबले, दोन्ही हात पसरले. भिंतींपर्यंत जेमतेम हातभर जागा उरली. "डायरची चिलखती गाडी आत शिरली नाही म्हणून मशिनगन बाहेर राहिली," एवढंच ते म्हणाले. 13 एप्रिल 1919 ला डायर रायफलवाले 50 शिपाई घेऊन याच बोळीतून आत गेला होता. दहा मिनिटांत 1650 गोळ्या. सरकारी आकडा 379 मृतांचा. काँग्रेसच्या चौकशी समितीनं सुमारे हजार सांगितले. संचारबंदीमुळे जखमी रात्रभर तिथेच पडून राहिले.

या वेळी लेकीला घेऊन गेले. 2021 च्या नूतनीकरणानंतर बोळीच्या दोन्ही भिंतींवर माणसांचे उठावदार पुतळे आलेत: बागेत निघालेले पुरुष, बायका, पोरं. काहींच्या चेहऱ्यावर हसू आहे. लोक त्यांच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढत होते. लेकीनं विचारलं, "आई, ही माणसं कोण?" मी सांगायला तोंड उघडलं आणि मला रडूच आलं.

पुतळे करणाऱ्यांना मेलेल्यांना चेहरा द्यायचा असेल, ते मी समजू शकते. पण चेहरा आधीच होता, त्या उघड्या विटांचा. अंग चोरून चालताना आपोआप कळायचं की गोळ्या सुटल्यावर पळायला वाट किती होती. ते सांगायला मूर्ती लागत नव्हती, दिव्यांची तर गरजच नव्हती. ज्या विहिरीत लोकांनी उड्या टाकल्या, तिच्याभोवतीही आता काच आहे.

आतल्या भिंतीवर गोळ्यांच्या खुणा मात्र अजून आहेत, पांढऱ्या चौकटींत. लेक एकेक मोजत गेली. तिच्या डोक्याच्या उंचीवरची एक खूण दिसली तेव्हा ती मोजायची थांबली आणि माझा हात घट्ट धरला.

निघताना तिला पुन्हा बोळीत नेलं. "हात पसर," म्हटलं. तिनं पसरले. तेवढ्यात मागून गर्दीचा लोट आला आणि आम्हांला पुढे सरकावं लागलं.