तुम्ही विचारलंत म्हणून: हरीण कापायला कुणाकडे देता?

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात राहून नोव्हेंबरात बंदूक घेऊन रानात जाणाऱ्या मराठी माणसाला दोन प्रश्न हमखास येतात. "खरंच मारता?" हा पहिला, त्याला 'हो' म्हटलं की विषय संपतो, किंवा समोरचा उठून जातो. दुसरा प्रश्न यंदा पहिल्यांदा लायसन काढणाऱ्यांचा असतो: मारल्यावर पुढे काय? चांगला प्रोसेसर, म्हणजे मारलेलं हरीण कापून मांसाची पाकिटं करून देणारा कसाई, ओळखायचा कसा?

माझं उत्तर ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. दर विचारू नका, आधी विचारा, "तुम्ही कुठलं हरीण घेत नाही?" जो "सगळी घेतो" म्हणेल त्याच्याकडे मी जात नाही.

आमच्याकडचा बंदुकीचा मुख्य सीझन नऊ दिवसांचा, नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. पाच लाखांहून जास्त लोक रानात उतरतात आणि एकूण शिकारीपैकी निम्म्याच्या आसपास पहिल्या दोन दिवसांतच होते. म्हणजे रविवारी संध्याकाळी प्रत्येक प्रोसेसरच्या दारात पिकअपची रांग. त्या गर्दीतही जो माणूस टॉर्च घेऊन बाहेर येतो, हरणाचं पोट फाकवून आत बघतो, हात घालून मांडीच्या आतलं मांस गार आहे का ते चाचपतो आणि नाक जवळ नेऊन वास घेतो, त्याला धरून ठेवा. गोळी आतड्यात लागली असेल आणि आतली घाण मांसावर तशीच वाळली असेल, तर तो सरळ परत पाठवतो किंवा "एवढं फेकून द्यावं लागेल" असं तोंडावर सांगतो. वाईट वाटतं खरं. पण तुमच्या पुढे रांगेत असलेल्याचं तसलं हरीण त्याने मुकाट घेतलं, तर तेच टेबल आणि तेच खिम्याचं मशीन तुमच्याही वाट्याला येणार आहे.

यावरूनच दुसरा प्रश्न निघतो: मला माझंच हरीण परत मिळणार का? चॉप्स आणि रोस्टच्या बाबतीत बहुतेक ठिकाणी मिळतं. सॉसेज, स्नॅक स्टिक, समर सॉसेज यांचं तसं नसतं. मसाला आणि मशीन एका ठरावीक वजनाच्या घाण्यासाठी बसवलेलं असतं, त्यामुळे चार जणांचं मांस एकत्र जातं आणि वजनाप्रमाणे वाटून मिळतं. यात लबाडी काही नाही, फक्त आधी सांगायला हवं. आधी न सांगणारा एक माझ्या ओळखीचा आहे. त्याच्या दुकानाचं नाव घेत नाही, पण तिथे आता माझी गाडी थांबत नाही.

एरवी हा बारकावा झाला असता. इथे नाही, कारण 2002 मध्ये राज्याची राजधानी मॅडिसनच्या पश्चिमेला हरणांमध्ये सीडब्ल्यूडी, म्हणजे क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, सापडला. मेंदूचा रोग, प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनांमुळे होणारा, आणि शिजवून प्रायॉन मरत नाहीत. माणसाला तो झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही. तरी बाधित हरीण खाऊ नका असंच सीडीसी ही अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था सांगते. तपासणी फुकट आहे. मानेचा चार-पाच इंच भाग डोक्याला तसाच ठेवून ते सरकारी पेटीत टाकायचं, निकाल ऑनलाइन येतो, बहुधा दोनेक आठवड्यांत. चांगला प्रोसेसर तुमच्या पाकिटांवर नोंदणी क्रमांक घालतो, म्हणजे निकाल 'पॉझिटिव्ह' आला तर नेमकं कुठलं मांस टाकायचं ते कळतं. चार जणांच्या घाण्यात तो क्रमांक कुठे शोधणार? मी सॉसेज सांगतच नाही.

याच रोगामुळे आमच्या भागातले चांगले कसाई कण्यावर करवत चालवत नाहीत, सगळं मांस हाडावरून सोडवून देतात. इथे आपली मंडळी हमखास हिरमुसतात. "नळी नाही?" नाही. "भेजा?" अजिबात नाही. कलेजी हवी असेल तर ती रानातच, पोट साफ करताना स्वतः काढून वेगळ्या पिशवीत ठेवायची; प्रोसेसरकडे पोचेपर्यंत पोट रिकामं असतं. पण तीही तपासणीचा निकाल येईपर्यंत फ्रीझरमध्येच.

मग येतो तो फॉर्म. काउंटरवर पेनाला दोरी बांधलेली, मागे लोक उभे, आणि समोर चौकोनच चौकोन: बॅकस्ट्रॅपचे, म्हणजे कण्यालगतच्या मऊ मांसाच्या लांब पट्टीचे काप किती जाड, मांडीचे रोस्ट की स्टेक, पुढच्या पायांचे तुकडे की खिमा. गोंधळून माणूस 'सगळा खिमा' वर खूण करतो आणि वर्षभर बर्गर खातो. बॅकस्ट्रॅप अख्खा मागा, काप घरी करता येतात. पुढच्या पायांच्या बोटी मागा, रश्शाला त्याच लागतात. त्यातली चिवट पांढरी आवरणं काढता का, हेही विचारून घ्या. खिम्यात तशीच दळणारे असतात, आणि मग तो खिमा किती वेळ शिजवा, दाताखाली येतोच.

आणि चरबीचा चौकोन कोरा सोडू नका. हरणाची चरबी थंड झाली की टाळूला मेणासारखी चिकटते, म्हणून ती टाकून खिम्यात दुसरी चरबी घालतात. न विचारता घातली तर ती डुकराची किंवा गाईची असते. ज्यांना यातलं एक किंवा दोन्ही चालत नाही त्यांनी 'चरबी नको' असं लिहावं आणि तोंडानेही सांगावं. बिनचरबीचा खिमा कोरडा होतो, पण आपल्याकडे कांदा आणि तेल आहे. मशीन मात्र सगळ्यांचं एकच. तेही चालत नसेल तर घरी दळा.

शिशाचंही बघा. 2008 मध्ये नॉर्थ डकोटात दान आलेल्या हरणाच्या खिम्यात गोळीचे शिशाचे कण सापडले आणि अन्नछत्रांना तो टाकून द्यायला सांगितलं. जखमेभोवतीचं मांस सढळ हाताने कापून टाकणारा, म्हणजे तुम्हाला दोन-तीन पौंड कमी देणारा कसाई त्यामुळेच बरा. मी स्वतः तांब्याच्या गोळ्या वापरतो.

वजनावरून भांडायला जाऊ नका. आतडी काढलेल्या हरणाच्या वजनाच्या साधारण चाळीस टक्के स्वच्छ, बिनहाडाचं मांस हातात येतं. 130 पौंडांचं असेल तर पन्नासेक पौंड. गोळी खांद्यात बसली असेल तर आणखी कमी.

त्याच्याकडून एवढी अपेक्षा करताना आपली बाजूही नीट हवी. पोट लगेच साफ करायचं, आतला भाग कोरडा पुसायचा, आणि हवा चाळीस फॅरनहाइटच्या वर गेली तर झाडाला टांगून फोटो काढत बसायचं नाही. तशा दिवशी बर्फाच्या पिशव्या पोटात भरून थेट दुकान गाठायचं. त्यासाठी दुकान कधी बंद होतं ते माहीत पाहिजे, आणि ते ऑक्टोबरातच फोन करून विचारायचं असतं. काही जण त्या वर्षीचा कोटा भरला की दारावर पाटी लावून मोकळे होतात. पाकिटांवर 'विक्रीसाठी नाही' असा शिक्का येईल, कारण रानातलं मांस इथे विकता येत नाही, वाटता येतं. वाटणार असाल तर तपासणीचा निकाल आल्यावरच वाटा, आणि घेणाऱ्याला मांस कसलं आहे ते सांगून द्या.