वटवटे आले

१३ सप्टेंबर

पावसाने दोन दिवस उघडीप दिली आणि आज सकाळी झुडपातून तो आवाज आला. ‘चक्’. दोन गारगोट्या हलकेच एकमेकींवर आपटाव्यात तसा. थोडं थांबून पुन्हा ‘चक्’. ब्लिथचा बोरू वटवट्या, स्थलांतर करून येणारा छोटा पक्षी! पूर्व युरोपापासून सायबेरियापर्यंत कुठेतरी उन्हाळा काढून आलेला. अंगावर ना रंग ना नक्षी, नुसता मातकट तपकिरी. दिसला तोही दोन फांद्यांच्या फटीतून, निमिषभर. पण मला तेवढ्याने दिवसभर पुरेल इतका आनंद झाला.

भाची सोबत होती. तिने विचारलं, “मावशी, गाणारे पक्षी म्हणतेस, मग हे गात का नाहीत?” प्रश्न अगदी बरोबर होता. गाणं असतं विणीच्या हंगामासाठी, हद्द सांगायला आणि जोडीदार मिळवायला. आता पिल्लं उडाली, दिवस लहान होऊ लागले. उरतात त्या छोट्या हाका: मी इथे आहे, हे झुडूप माझं आहे, सावध राहा. शरदातलं पक्षिनिरीक्षण म्हणजे या हाका ओळखणं. वसंतात गाणाऱ्या रंगीत नराला कुणीही बघतं. मला मात्र हे गप्प, मळकट दिवस जास्त आवडतात, कारण यात खरोखर लक्ष द्यावं लागतं.

पुढच्याच झाडावर हिरवट पर्ण वटवट्या होता आणि तो बराच वेळ पाहायला मिळाला. डोळ्यावर फिकट पिवळसर भुवई, पंखावर एकच बारीक पट्टी. पानाच्या खाली मान वाकवून बघायचा, चोचीने काहीतरी टिपायचा, पंख फडकवून पुढच्या डहाळीवर. एका जागी दोन सेकंदही नाही. एकदा हिरवी अळी सापडली तेव्हा ती फांदीवर दोनदा आपटली आणि गिळली. दुर्बिणीतून पंखांच्या कडा दिसल्या, सगळ्या ताज्या आणि धडधाकट. या जातीची प्रौढ पाखरं पिसं बदलतात ती इथे हिवाळ्यात, त्यामुळे सप्टेंबरात त्यांचे पंख झिजलेले असतात. म्हणजे हे बहुधा यंदाचंच पिल्लू. जेमतेम आठेक ग्रॅमचा जीव, याआधी हा रस्ता कधी न पाहिलेला.

मी याच गोष्टीपाशी दरवर्षी अडकते. क्रौंच-हंसांसारखे आईबापांच्या सोबतीने हे येत नाहीत. यातले बहुतेक रात्री उडतात, एकेकटे. रात्री हवा गार आणि स्थिर असते, ससाण्यांची भीती कमी, आणि दिवस खाण्यासाठी मोकळा राहतो. पण दिशा कोण सांगतं?

१९६० च्या दशकात पक्षिशास्त्रज्ञ स्टीफन एमलेन यांनी अमेरिकेतल्या इंडिगो बंटिंग पक्ष्यांवर याचा शोध घेतला. नरसाळ्याच्या आकाराचा पिंजरा, तळाशी शाईचा पॅड, बाजूंना कागद. स्थलांतराच्या दिवसांत पक्षी रात्री अस्वस्थ होऊन उड्या मारतो आणि ज्या बाजूला जायचंय तिथल्या कागदावर शाईचे पाय उमटतात. किती साधी युक्ती! तारांगणात त्यांनी पिल्लांना असं आकाश दाखवलं, जे ध्रुवाऐवजी मृग नक्षत्रातल्या काक्षी या ताऱ्याभोवती फिरत होतं. ती पिल्लं शरदात काक्षीलाच उत्तर मानून त्याच्या विरुद्ध दिशेला निघू लागली. म्हणजे ताऱ्यांचा नकाशा जन्मतः डोक्यात नव्हता. आकाश कुठल्या बिंदूभोवती फिरतं एवढंच पाखरू पाहून घेतं, आणि त्या बिंदूकडे पाठ करायची हे त्याच्या रक्तात असतं. शिवाय पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्रही या पक्ष्यांना जाणवतं. युरोपीय रॉबिनवर जर्मनीत झालेल्या प्रयोगांनी ते दाखवून दिलं.

आणि हेच आकाश आपण दिव्यांनी भरून टाकतो. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबरच्या स्मरणार्थ दरवर्षी रात्रभर प्रकाशाचे दोन प्रचंड झोत सोडतात, नेमके स्थलांतराच्या ऐन दिवसांत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७ रात्रींमध्ये सुमारे ११ लाख पक्षी त्या झोतांमुळे वाटेतून विचलित झाल्याचा अंदाज मांडला होता. पक्षी तिथेच घिरट्या घालत, हाका मारत राहतात. पण झोतात हजारावर पक्षी अडकलेले दिसले की वीस मिनिटं दिवे बंद ठेवतात आणि तेवढ्यात ते पांगून आपल्या वाटेला लागतात. इतकं सोपं! मला हे वाचल्यापासून गच्चीवरचे शोभेचे दिवे बघवत नाहीत. आमचे मी काढून टाकलेत, आणि शेजाऱ्यांनाही आज सांगणार आहे, निदान ऑक्टोबर संपेपर्यंत तरी ते लावू नका म्हणून.

करडा धोबी पाण्याकाठी आधीच आलाय, शेपटी सतत खालीवर. लाल छातीचा माशीमार अजून यायचाय. तो आला की झाडीच्या सावलीतून ‘टर्र्र’ अशी बारीक खडखड ऐकू येईल, शेपटी वर झटकली की बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे डाग दिसतील. भाचीला तेवढी खूण सांगून ठेवलीय. पहिल्यांदा कुणाला दिसतो ते बघू.