आईच्या पेडिक्युअरसाठी पार्लर शोधताना

भाचीचा साखरपुडा ठरला आणि आई म्हणाली, "या वेळी माझेही पाय जरा नीट करून आण." टाचांच्या भेगा तिला बरीच वर्षं खुपत होत्या. पण आईला मधुमेह आहे. अशा पायाला बारीक चीर गेली तरी ती चिघळू शकते, आणि पायाची संवेदना कमी झाली असेल तर चीर गेल्याचं कळतही नाही. म्हणून आधी तिच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पाय तपासले आणि हो म्हणाले, पण अटी घालून: टाचेला ब्लेड लावायचं नाही, नखांच्या मुळाची कातडी कापायची नाही, पाणी कोमटच.

कातडीचं महत्त्व मला चांगलंच ठाऊक होतं. एका चकचकीत पार्लरमध्ये मॅनिक्युअर करताना त्यांनी ती कातरली आणि मला नखुरडं झालं. बोट असं ठणकत होतं की रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. शेवटी पू काढावा लागला. नख आणि बोट यांच्यातली फट ही कातडी बंद ठेवते. ती कापली की जंतूंना वाट मोकळी होते. मऊ करून हलकेच मागे सारली, की पुरे.

मग कोथरूडपासून सुरुवात केली. कर्वे रस्ता, डहाणूकर कॉलनी, पुढे औंधपर्यंत. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न: एका गिऱ्हाइकानंतर दुसऱ्याला घेण्याआधी हत्यारांचं काय करता? काहींनी कौतुकाने निळ्या दिव्याची, म्हणजे अतिनील किरणांची, पेटी दाखवली. तो प्रकाश समोरच्या भागावर पडतो, कटरच्या सांध्यात शिरत नाही. स्वच्छ केलेली हत्यारं ठेवायला पेटी ठीक, पण तिच्यात ती निर्जंतुक होत नाहीत. कुठे स्पिरिटचा बोळा फिरवून काम भागवत होते. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस तग धरतो, हे माहीत असताना मला तो बोळा बघवेना. धातूची हत्यारं आधी साबणाने घासून धुवायची आणि मग ऑटोक्लेव्हमध्ये घालायची, दाबाखालच्या वाफेत, साधारण १२१ अंशांवर. लाकडी काड्या, फाइल, बफर यांचं तेही करता येत नाही. त्यांच्या खरखरीत अंगात कातडीचा भुगा अडकून राहतो, म्हणून त्या प्रत्येकीला नव्याच हव्यात.

पाय बुडवायच्या टबाकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. बुडबुडे येणाऱ्या त्या आरामखुर्च्या दिसायला छान, पण आतल्या जाळीत केस आणि कातडी साचते. २००० साली कॅलिफोर्नियातल्या एकाच सलूनमध्ये शंभराहून अधिक गिऱ्हाइकांच्या पायांवर गळवं आली होती. मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम हा जंतू त्या टबांच्या जाळ्यांमागच्या घाणीत सापडला. पेडिक्युअरआधी पायांवर रेझर फिरवलेल्यांना धोका जास्त होता. त्यामुळे मी साधं, पाइप नसलेलं टबच शोधत होते, आणि आदल्या दिवशी वॅक्सिंग करायचं नाही हे भाचीलाही बजावलं.

शेवटी सहकारनगरच्या एका गल्लीत हवं ते मिळालं. दोनच खुर्च्या, एसीसुद्धा जुना. आईला बसवल्यावर तिथल्या ताईंनी आधी विचारलं, "काकू, शुगर आहे का?" तिथेच माझा निर्णय झाला. मग त्यांनी हात धुतले, हातमोजे घातले आणि हत्यारांचं कागदी पाकीट आमच्यासमोर फाडलं. पाकिटावरच्या खुणेचा रंग बदललेला होता. त्यावरून पाकीट वाफेतून गेलं एवढंच कळतं, पण ते तरी कळतं. स्टीलच्या घमेल्यात प्लास्टिकची नवी पिशवी अंथरली, पाणी आधी स्वतःच्या कोपराने पाहिलं, मग आईला पाय ठेवायला सांगितले. टाचा फाइलने हळूहळू घासल्या. नखं सरळ कापली, कोपरे आत न घेता. वेळ बराच गेला, पण त्यांनी घाई केली नाही. फाइल आईलाच देऊन टाकली.

भाचीला कृत्रिम नखं लावायची होती. त्यासाठी ताईंनी नखं घडवायच्या द्रवाच्या बाटलीवरचं रसायनाचं नाव वाचायला दिलं: एथिल मेथाक्रिलेट. मिथाइल मेथाक्रिलेट स्वस्त पडतं, पण त्याची नखं इतकी घट्ट बसतात की अडकली तर खालचं खरं नखही उचकटून येतं. अमेरिकेत १९७०च्या दशकातच त्याविरुद्ध कारवाई झाली होती. हे ऐकून भाची जेल पॉलिशवर आली. हे पॉलिश घट्ट करणाऱ्या अतिनील दिव्याखाली हात ठेवण्याआधी तिने सनस्क्रीन लावलं, आणि पुढे पॉलिश काढायची वेळ आली की खरवडायचं नाही, अॅसिटोनमध्ये भिजवायला परत यायचं, असं तिच्याकडून ताईंनी कबूल करून घेतलं.

आईच्या पायांवर घरी आल्यावर भिंग धरून नजर फिरवली. कुठे ओरखडा नव्हता. पुढचे काही दिवस रोज पाहिलं, बोटांच्या मधेसुद्धा. आता तिची पुढची वेळ सकाळची पहिलीच घेतली आहे.