देवगिरीवर उडतं जहाज

सेलू सुटलं आणि माझ्या कानाशी लढाई सुरू झाली. भाच्याने मोबाइल आडवा धरला होता, आवाज अख्ख्या डब्याला पुरेल एवढा. हिंदीत डब केलेला ‘थ्री मस्केटिअर्स’, 2011चा. यात सतराव्या शतकातल्या पॅरिसवर फुग्याला टांगलेली जहाजं उडतात, एकमेकांवर तोफा डागतात आणि त्यातलं एक थेट नोत्र दामच्या कळसावर जाऊन अडकतं. समोरच्या बाकावरच्या आजी पिशवी मांडीवर घेऊन बघायला लागल्या. “हे कुठलं इमान म्हनायचं रे बाबा?” “आजी, हे जुन्या काळातलं आहे,” भाचा म्हणाला. आजींना पटलं. मला जालना आलं तरी पटलं नव्हतं.

तलवारबाजीच्या जुन्या कादंबऱ्या नव्याने पडद्यावर आणायला माझा विरोध नाही. पण ते जहाज डोक्यात गेलं. ही कादंबरी अलेक्झांडर ड्यूमाची, 1844 साली वर्तमानपत्रात क्रमशः छापलेली. मी ती शाळेत असताना संक्षिप्त मराठीत वाचली आणि मला त्यातला रस्ता आठवतो. राणीचे हिरे परत आणायला चौघं लंडनकडे निघतात. पोर्थोस एका खानावळीत भांडणात गुंततो. अरामिसला वाटेत गोळी लागते. अथोसवर पुढच्या मुक्कामी खोटी नाणी चालवल्याचा आळ येतो. चौघांतला एकटा दार्तान्यां लंडन गाठतो. कथा आहे ती या वाटेत. वरून उडत जायचं तर खानावळ कशाला आणि मैत्री तरी कशाला?

“मामा, तुम्ही लई सिरियस घेता,” एवढं बोलून भाच्याने आवाज आणखी वाढवला.

संभाजीनगरात मकबरा झाला, वेरूळही झालं. कैलास लेण्यापुढे मी काही बोलायचं म्हणजे अतीच. तिथे फक्त एक तक्रार: ज्या शिल्पासमोर दोन मिनिटं उभं राहावं, तिथे कुणाचं तरी रील चालू असतं आणि आपल्यालाच “काका, जरा बाजूला” म्हणतात.

दौलताबादच्या किल्ल्यावर मात्र आमचं भांडण परत पेटलं, आणि किल्ला माझ्या बाजूने होता. देवगिरी म्हणजे अडथळ्यांचाच किल्ला. आधी तटाच्या आत तट, मग कातळात खोदलेला खंदक, मग डोंगराचा तासून उभा केलेला कडा आणि त्यापुढे अंधारी, म्हणजे काळोखी भुयारी वाट. आत शिरलो तेव्हा पहिला आला तो वटवाघळांचा वास. तो नाकात नाही, घशात बसतो. पायऱ्या मुद्दाम उंचसखल ठेवलेल्या, वाट वळतवळत जाणारी. गाइडने बॅटरी विझवली आणि पुढच्या घोळक्याला सांगू लागला, की शत्रू इथे आला की आपल्याच माणसांवर वार करायचा, आणि तोंडाशी जाळ करून आत धूर सोडायचे. हे तो दिवसातून किती वेळा सांगत असेल कुणास ठाऊक, पण ‘धूर’ म्हणताना स्वतः खोकला. खरा खोकला होता की नाटकी, कळलं नाही.

“बघ,” मी अंधारातच म्हणालो, “इथे तुझं जहाज आण. खंदक गेला, अंधारी गेली, किल्ला उरला फक्त फोटोला.”

“हा किल्ला अंधारीत तरी कुठे कुणी जिंकला?” भाचा म्हणाला. पोरगा इंजिनिअरिंगला आहे, पण इतिहास वाचतो. त्याचं म्हणणं खरंच होतं. 1296ला अलाउद्दीन खिलजी आला तेव्हा रामदेवरायाच्या माणसांनी घाईघाईने वर नेलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघालं, अशी कथा इथे सगळेच सांगतात. 1633ला मुघलांनी घेतला तोही वेढा आणि उपासमारीच्या जोरावर. एवढा कडा तासला, आणि घात केला मिठाने.

वर बारादरीपर्यंत जाताना मी तीनदा बसलो. प्रत्येक बसण्यात भाच्याने एकेक उदाहरण काढलं. ‘लुपिन’ मालिका आम्हा दोघांनाही आवडलेली. मूळचा आर्सेन लुपिन 1905चा, उंची टोपी घालणारा साहेबी चोर. 2021च्या मालिकेत नायक सेनेगलहून आलेल्या माणसाचा मुलगा आहे आणि पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात शिरतो तो सफाई कामगार म्हणून, कारण झाडू हातात असलेल्या माणसाच्या तोंडाकडे कुणी बघत नाही. याला म्हणतात जुनी गोष्ट नवी करणं. लुपिनचं वेषांतर घेतलं आणि आजच्या पॅरिसमध्ये ते चालेल कसं याचा विचार केला. नाहीतर माझा एक ठाम सिद्धांत आहे, की मोबाइल आला आणि असल्या गोष्टींचा जीव गेला. निरोप पोचत नाही म्हणून घोडा फेकायचा, पत्र चुकीच्या हाती पडतं म्हणून आयुष्य उद्ध्वस्त होतं, ही सगळी गंमत एका मेसेजने संपते. भाच्याला हा सिद्धांत मी बारादरीवर नीट बसवून ऐकवला. तो वाऱ्यात केस सारखे करत होता.

उतरताना चिनी महालापाशी थांबलो. नाव ऐकून काही तरी झगमगीत असेल असं वाटतं. आहेत त्या छप्पर उडालेल्या भिंती, आणि वर कुठे कुठे चिकटून राहिलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा. एक तुकडा तर हाताएवढाच, पण त्याचा निळा रंग असा, की बाकी सगळी भिंत मळकी दिसायला लागते. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह इथे कैदेत होता. 1687ला गोवळकोंडा पडला तेव्हापासून मरेपर्यंत, म्हणजे बारा-एक वर्षं. मार्सेयच्या समुद्रातल्या शातो दिफ या तुरुंगात लोकांना एदमों दांतेसची कोठडी दाखवतात, आणि तो ‘काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ या ड्यूमाच्याच कादंबरीतला माणूस, जन्मालाच न आलेला. इथे खराखुरा राजा बारा वर्षं बसला, तर लोक भिंतीला टेकून फोटो काढून निघून जातात.

भिंतीच्या सावलीत हैदराबादचं एक कुटुंब डबा सोडून बसलं होतं. आजोबा आठेक वर्षांच्या नातीला दख्खनीत गोष्ट सांगत होते. मी सरळ बाजूच्या दगडावर बसून ऐकायला लागलो. त्यांनी पाहिलं, आवाज थोडा चढवला.

“आठ महीने लड़ा बादशा. औरंगजेब को कुछ नहीं मिला. फिर अपनेच एक आदमी ने रात को खिड़की खोल दिया.” मग तानाशाहचा सरदार अब्दुर्रज्जाक लारी आला. तो एकटाच दारात लढला, अंगावर सत्तर जखमा, तरी जगला. आजोबांनी हातातल्या पोळीनेच दोन वार करून दाखवले. आणि मुघल सरदार पकडायला आले तर तानाशाह घाबरला नाही, म्हणाला, “बैठो, पहले खाना खाते.” नात खात होती, तिला हे अगदी योग्य वाटलं असावं. मग तिने विचारलं, “उसके पास फोन नहीं था क्या? किसी को बुला लेता.”

भाचा माझ्याकडे बघून हसला. माझाच सिद्धांत, आठ वर्षांच्या तोंडून.

आजोबा हसले नाहीत. घास खाली ठेवून त्यांनी खरोखर विचार केला. “फोन रहता तो बी किसको करता बेटा? अपनेच आदमी ने तो दरवाजा खोला.”

मी पार गप्प झालो. कारण दांतेसचंही तेच आहे. फर्नांड आणि डांगलार ही त्याच्या ओळखीचीच माणसं खोटी तक्रार करून त्याला पकडून देतात. तो निरपराध आहे हे विलफोर नावाच्या सरकारी वकिलाला कळतं, तो त्याला सोडणारच असतो, तेवढ्यात दांतेसजवळ सापडलेल्या पत्रावर त्याला स्वतःच्या बापाचं नाव दिसतं. दांतेसच्या डोळ्यांदेखत तो पत्र जाळतो, तुझ्याविरुद्धचा पुरावाच नष्ट केला म्हणतो, आणि दांतेस त्याचे आभार मानतो. पुढे चौदा वर्षं अंधारकोठडी. खिशात मोबाइल असता तर त्या पोराने मदतीसाठी पहिला फोन विलफोरलाच लावला असता. मोबाइलने काहीच बिघडत नाही. बिघडवायचं तर 2002च्या ‘मॉन्टे क्रिस्टो’ सिनेमासारखं करावं लागतं. त्यात शत्रूचा, म्हणजे फर्नांडचा, मुलगा शेवटी दांतेसचाच निघतो, त्याची प्रेयसी मर्सिडीजही परत मिळते, सगळं कसं दिवाळीच्या फराळासारखं गोड. 2024चा फ्रेंच सिनेमा जवळजवळ तीन तासांचा आहे, पण तिथे मर्सिडीज परत मिळत नाही. माझं मत त्याला.

रात्री शहरात नान-खलिया. रस्सा झणझणीत, नान गरम, बसायला जागा मात्र दुसऱ्याच्या कोपराला कोपर लावून. खाताखाता भाच्याने मराठवाड्यातला मॉन्टे क्रिस्टो उभा केला. दांतेस संभाजीनगरात स्पर्धा परीक्षा देणारा पोरगा. फर्नांड त्याचा रूममेट. डांगलार गावाकडचा, ज्याला समृद्धी महामार्गात गेलेल्या जमिनीचे पैसे एकट्यालाच हवेत. हर्सूलच्या तुरुंगात त्याला एक म्हातारा तलाठी भेटतो, हा आबे फारिया, मूळ कादंबरीत दांतेसला शिकवणारा कैदी पाद्री. तो त्याला भाषा आणि गणित शिकवत नाही, सातबारा वाचायला शिकवतो. खजिना म्हणजे एक जुना फेरफार.

“आणि चौदा वर्षं? एवढी वर्षं आत कसा राहील?”

“तारखा पडत राहतात की, मामा.”

“बरं. पण तलवारी? तलवारी नाहीत तर ते ड्यूमाचं कसलं?”

“कामून नाहीत? वाढदिवसाला केक कापायला असतात की. तलवार फर्नांड आणतो, फोटो डांगलार काढतो, स्टेटसला टाकतो. दुसऱ्या दिवशी पोलीस दारात.” त्याने माझ्या ताटातलं नान उचललं. “पुढची कलमं विलफोर बघतो.”

मी म्हटलं, मर्सिडीजचं काय करणार ते आधी सांग, मग बिल देतो. त्यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. तो तिला जालन्याला शिक्षिका करून फर्नांडशी लग्न लावून देतो, आणि माझं म्हणणं आहे की तिलाही एक परीक्षा पास होऊ दे.